उसाचं पेट्रोल आणि पद्मिनीचा पितळी जेट

गेल्या दोनेक वर्षांत जुन्या गाड्यांच्या गॅरेजांत एक तक्रार सारखी ऐकू येते. गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ लावते. सिग्नलला थांबली की बंद पडते. अ‍ॅक्सलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग गचका देऊन धावते, आणि घाट लागला की मिसिंग. मालकाचं निदान तयार असतं: कार्बुरेटर गेला, नवा टाका. मिस्त्री तो खोलतो, धुतो, हवा मारून परत बसवतो. आठ दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

बहुतेक वेळा कार्बुरेटर गेलेला नसतो. कारखान्यातून निघताना त्याला जे माप दिलं होतं, त्याच मापाने तो आजही पेट्रोल सोडतोय. पेट्रोल मात्र तेव्हाचं राहिलेलं नाही. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. नव्या गाडीतला संगणक एक्झॉस्टचा वास घेऊन हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. जुन्या गाडीत ते ओळखणारा एकच असतो, तो म्हणजे मिस्त्री. आणि त्याला अर्धा दिवस द्यायला आपण तयार नसतो.

हा लेख त्या अर्ध्या दिवसाबद्दल आहे. उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेतली आहे, कारण मुंबईत वाढलेल्या माणसाला ‘जुनी गाडी’ म्हटलं की तीच आठवते, आणि तिच्या पोटात आज जे इंधन जातंय त्यात एक मजेशीर योगायोग आहे.

पद्मिनी कुर्ल्याची. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली. आधी क्रायस्लरच्या डॉज-प्लिमथ गाड्या जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० आली, तिच्या पुढच्या नाकाडामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ करून टाकलं. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, आणि १९७४ मध्ये त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरची दांडी, वर सोलेक्सचा एकाच घशाचा कार्बुरेटर. शतक बदलता बदलता कारखाना थांबला. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले. खासगी पद्मिनी मात्र आहेत, आणि त्या चालतात.

आता योगायोग. सोलापूरचे हे वालचंद जहाजांचे, विमानांचे आणि मोटारींचे, तसेच साखरेचेही कारखानदार होते. इंदापूर तालुक्यात कळंबला त्यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसलं, मालेगावच्या माळरानावर १९३३ साली रावळगावची शेती आणि साखर उभी राहिली. म्हणजे ज्या माणसाने आपल्याला ही गाडी दिली त्यानेच ऊसही लावला. सत्तर-ऐंशी वर्षांनी उसाची मळी आणि रस इथेनॉल होऊन त्याच गाडीच्या टाकीत शिरला, आणि दोघांचं काही केल्या जमेना!

का जमेना, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती पेट्रोलची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेली असेल तरच. शुद्ध पेट्रोलसाठी ते प्रमाण वजनाने १ ला १४.७ असं आहे. हे आकारमानात मांडलं की माणूस चकित होतो: एक लिटर पेट्रोल पुरतं जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. म्हणजे पेट्रोलचं इंजिन ही खरं तर हवा ओढण्याची यंत्रणा आहे, पेट्रोल त्यात चवीपुरतं. हवा कमी पडली की काय होतं हे ज्याने पाण्याचा बंब पेटवलाय त्याला सांगायला नको: धूर, काजळी आणि वाया गेलेलं सरपण. हवा जास्त झाली तर धूर दिसत नाही, पण इंजिन अडखळतं, चढावर तापतं, आणि फार दिवस तसंच चालवलं तर एक्झॉस्ट वाल्व्ह जळतो. जास्तीत जास्त ताकद मिळते ती १२.५ ते १३ च्या आसपास, म्हणजे थोडं पेट्रोल जास्त ठेवून. चांगलं अ‍ॅव्हरेज मिळतं ते १५.५-१६ च्या आसपास. कार्बुरेटरचं सगळं राजकारण या दोन आकड्यांमधलं आहे.

पेट्रोल हवेत मिसळायचं कसं, हा प्रश्न पहिल्या मोटारींना फार छळत होता. कार्ल बेंझच्या गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून फिरवून वाफ गोळा केली जायची. १८८८ साली त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीने माहेरी निघाली. वाटेत विस्लोखच्या औषधांच्या दुकानातून तिने लिग्रॉइन नावाचं इंधन विकत घेतलं आणि तुंबलेली नळी आपल्या टोपीच्या पिनेने साफ केली. कार्बुरेटरमध्ये कचरा येण्याची परंपरा इतकी जुनी आहे. पुढे १८९३ साली हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने, बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवण्याची रीत काढली. हंगेरीत किस्सा सांगतात की बुडापेस्टच्या रस्त्यावर फुलांवर तोंडाने पाणी फवारणारी मुलगी बघून या दोघांना ती सुचली. खरं-खोटं देव जाणे, पण तत्त्व तेच.

घसा मध्येच अरुंद केला की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबाने शेजारच्या छोट्या हौदातलं, म्हणजे फ्लोट चेंबरमधलं, पेट्रोल वर खेचलं जातं. वाटेत एक पितळी नळखंड असतो, त्याला बारीक भोक. हा जेट. किती पेट्रोल जायचं ते मुख्यतः या भोकावर ठरतं. जेटवर आकडा कोरलेला असतो. सोलेक्सच्या जेटवर १२० लिहिलं असेल तर भोक १.२० मिमीचं.

मालक आणि मिस्त्री यांच्यातला मोठा गैरसमज इथेच आहे. बाहेरून फिरवता येतात असे दोन स्क्रू असतात: एक स्लोचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने फिरावं त्याचा, आणि दुसरा मिक्स्चरचा. लोकांना वाटतं, मिक्स्चरचा स्क्रू पिळला की ट्यूनिंग झालं. पण तो स्क्रू फक्त स्लोवर, गाडी उभी असताना, काम करतो. एकदा पाय दाबला आणि झडप (थ्रॉटल) उघडली की राज्य मेन जेटचं, आणि वरच्या वेगात त्याच्या जोडीला एअर करेक्शन जेटचं. घाटात मिसिंग करणाऱ्या गाडीचा मिक्स्चर स्क्रू दिवसभर फिरवत बसलात तरी घाटात ती मिसिंगच करणार.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानांच्या गर्दीत अजून काही हात असे आहेत की ज्यांना हे सांगावं लागत नाही. त्यांतल्या एका वयस्कर वस्तादांचं काम मी उभं राहून पाहिलं. पद्मिनी आली होती ती याच तक्रारी घेऊन. वस्तादांनी कार्बुरेटरला तासभर हातच लावला नाही. आधी टॅपेट बघितले, फीलर गेज घालून. मग डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पॉइंट साफ केले, गॅप लावला, टायमिंग तपासलं. चारही प्लग काढून ओळीने बॉनेटवर ठेवले. मालक अस्वस्थ, कारण तो कार्बुरेटरसाठी आला होता. पण वस्तादांचं गणित सरळ होतं: ठिणगीच धड नसेल तर मिक्स्चर कितीही बरोबर असो, गाडी अडखळणारच, आणि अशा गाडीचा कार्बुरेटर लावला तर तो चुकीचाच लागणार.

त्यानंतर हवेची गळती. जुन्या सोलेक्सची ही खरी दुखणी, आणि पुस्तकांत त्यांच्यावर फार कमी लिहिलेलं असतं. पहिली म्हणजे बूड वाकणं. कार्बुरेटर मॅनिफोल्डवर दोन नटांनी बसतो. पिढ्यान् पिढ्या प्रत्येकाने ते नट जोर लावून आवळलेले असतात, धातू मऊ असतो, बूड कमानीसारखं होतं आणि पॅकिंग बदललं तरी कडेने हवा शिरते. वस्तादांनी काचेवर पॉलिश पेपर ठेवून बूड आठाच्या आकड्यात घासून सपाट केलं. दुसरी झिजलेल्या दांड्याची. थ्रॉटलचा दांडा ज्या भोकांत फिरतो ती भोकं लंबगोल होतात. दांडा बोटाने हलवून पाहिला की कळतं. तिथून हवा आत जाते, स्लोचं मिक्स्चर बिघडतं, आणि लोक ते पेट्रोल वाढवून भरून काढतात. याला लेथवर बुश मारण्याशिवाय उपाय नाही. माझ्या मते ज्या कार्बुरेटरना ‘आता होणार नाही’ म्हणून भंगारात टाकलं जातं, त्यांतले बरेच या एका बुशाअभावी जातात.

फ्लोटचीही तऱ्हा बघण्यासारखी. पितळी फ्लोटला केसाएवढी भेग पडली की त्यात पेट्रोल भरतं, तो बुडतो, नीडल वाल्व्ह बंद होत नाही आणि गाडी ‘ओव्हर’ होते. भेग सापडत नाही म्हणून फ्लोट गरम पाण्यात बुडवायचा. आतलं पेट्रोल उकळून बुडबुडे जिथून येतील तिथे खूण करायची, वाळवून बारीकसा डाग द्यायचा. डाग जाड झाला तर फ्लोट जड होतो आणि पातळी चढते. पातळीचं नियंत्रण नीडल वाल्व्हच्या खालच्या वाशरच्या जाडीवर असतं. त्या वाशरऐवजी हाताला लागेल तो वाशर बसवला की पुढचं सगळं मोजमाप कोसळतं. जेट साफ करायलाही तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, ब्रेकच्या केबलची तार दोनदा फिरली की १२० चा जेट १२५ चा होतो आणि वर आकडा १२० चाच राहतो. हवा मारायची, फार तर मासे पकडायच्या नायलॉनचा तुकडा. बर्थाबाईंच्या पिनेची परंपरा नळीपुरती ठीक आहे.

एवढं झाल्यावर इंजिन गरम करून स्क्रूची पाळी. मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत (जोर दिला तर टोकाला चरा पडतो आणि मग तो कधीच नीट लागत नाही), तिथून दीड फेरा बाहेर. इंजिन चालू. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सगळ्यांत वेगाने आणि सगळ्यांत गुळगुळीत जिथे फिरतं ती जागा शोधायची. वेग वाढला तर स्लोच्या स्क्रूने खाली आणायचा, आणि पुन्हा मिक्स्चर. दोन-तीन आवर्तनांत जागा सापडते. सोलेक्समध्ये हा स्क्रू आत घेतला की पेट्रोल कमी होतं, बाहेर काढला की वाढतं. मोटारसायकलींच्या अनेक कार्बुरेटरमध्ये तो हवेचा स्क्रू असतो आणि सगळं उलटं होतं. दुचाकीवर शिकलेली पोरं पद्मिनीला हात लावतात तेव्हा अर्धी भांडणं यातून होतात. वस्ताद शेवटी एक्झॉस्टच्या नळीमागे तळहात धरून उभे राहिले, डोळे दुसरीकडे. ठोके सारखे येतायत का, मध्येच एखादा पोकळ जातोय का, हे हाताला कळतं म्हणे. त्यांच्या हाताला कळत होतं, एवढं मी पाहिलं.

इथपर्यंतचं सगळं १९८० साली लिहिलं असतं तरी चाललं असतं. इथेनॉलने त्यात नवा हिशोब आणला.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, वजनाच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त. त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते: १ ला १४.७ ऐवजी १ ला ९. वीस टक्के मिसळलं की मिश्रणाचा आकडा साधारण १३.५ वर येतो. जुना जेट मात्र पूर्वीएवढंच इंधन सोडतो. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने इंधन आठ-नऊ टक्क्यांनी कमी पडतं. आता गंमत बघा. ज्या टॅक्सीवाल्याने ताकदीसाठी मिक्स्चर १३ वर ठेवलं होतं, त्याची गाडी इथेनॉलवर १४ सारखी वागते आणि खूश राहते. ज्या मालकाने अ‍ॅव्हरेजसाठी जेट बारीक करून गाडी कसून ठेवली होती, तीच अडखळते. ‘माझी गाडी इतकी जपलेली, तिलाच त्रास का?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

उपाय जेटचा आहे आणि हिशोब शाळेतला आहे. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. १२० चा जेट काढून १२५ चा घातला तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे नेमकं हवं तेवढं. पाच शतांश मिलिमीटर! तुमच्या गाडीत कोणता आकडा आहे ते जेट काढून बघायचं, आणि तिथून साधारण चार टक्के वर जायचं. स्लोचा जेटही त्याच हिशोबाने. कागदावरचा आकडा ही सुरुवात, शेवट रस्त्यावर आणि प्लगवर ठरतो. प्लगचा रंग बिस्किटासारखा हवा, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त, हे खरं. पण शिशाचं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं आणि आता इथेनॉल आलं, त्यामुळे हल्लीचे प्लग मुळातच फिकट दिसतात. जुन्या डोळ्यांनाही फसवतात.

याच हिशोबातून एक गोष्ट निघते ती मला फार आवडली. उंचावर हवा विरळ होते आणि कार्बुरेटरचं मिक्स्चर आपोआप जाड होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. समुद्रसपाटीपेक्षा महाबळेश्वरला हवेची घनता सुमारे बारा टक्क्यांनी कमी असते, आणि मिक्स्चर त्यामुळे सहा-सात टक्क्यांनी जाड होतं. म्हणून पूर्वी मुंबईच्या गाड्या वर गेल्या की काळा धूर टाकायच्या. आता इथेनॉलने पातळ केलेलं मिक्स्चर महाबळेश्वरच्या हवेने जवळपास जागेवर येतं. थोडक्यात, जेट न बदललेली पद्मिनी आज मुंबईपेक्षा महाबळेश्वरात जास्त सुखी असते. तिथवर पोहोचण्याचा घाट तेवढा तिने चढायला हवा.

इथेनॉलला सरसकट शिव्या देणं मला पटत नाही. त्याचं ऑक्टेन जास्त आहे, नॉकिंग कमी होतं, उसाला गिऱ्हाईक मिळतं आणि तेलाची आयात थोडी कमी होते. पण किंमत आहे, आणि ती कुणी लपवलेलीही नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की बिनाइथेनॉल पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सरासरी सहा-सात टक्क्यांनी घटेल. बिनाइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय पंपावर ठेवावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. तेव्हा गाडीच जुळवून घ्यावी लागणार.

अ‍ॅव्हरेजपेक्षा रबराची काळजी जास्त करावी, असं माझं मत आहे. जुन्या पेट्रोल नळ्यांचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मग चिरतं. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकणं ही थट्टा नाही. फ्युएल पंप (गॅरेजात त्याला अजून ‘एसी पंप’ म्हणतात) आणि अ‍ॅक्सलरेटर पंप यांचे पडदे कडक होतात. पाय दाबल्यावर क्षणभर काहीच न होण्याची जी तक्रार सुरुवातीला सांगितली, तिचं मूळ बरेचदा या दुसऱ्या पडद्यात असतं, जेटमध्ये नव्हे. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. कोकणात पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या गाडीच्या टाकीत पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, आणि पहिल्यांदा सुरू करताना कार्बुरेटरला तेच मिळतं. मे महिन्यात पंपावर ओलं फडकं टाकून व्हेपर लॉक (पेट्रोलची नळीतच वाफ होऊन ते अडणं) उतरवायची जुनी युक्तीही पुन्हा उपयोगी पडू लागली आहे.

तपासणीचं एक साधन मात्र दाराशी आहे आणि कुणी ते नीट वापरत नाही: पीयूसीचं यंत्र. जुन्या चारचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. रिवाज असा की केंद्रात जायच्या आधी मिक्स्चर स्क्रू आत पिळायचा, कागद घ्यायचा, बाहेर येऊन सैल करायचा. त्यापेक्षा ट्यूनिंग करतानाच नळी एक्झॉस्टमध्ये ठेवून आकडा बघत स्क्रू लावला तर अंदाजाचं काम मोजमापाचं होतं. हे यंत्र फक्त स्लोचं सांगतं हे विसरू नये. चालत्या गाडीचं कळायला एक्झॉस्टच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवून आकडे वाचणारी तरुण मंडळी आता आहेत, आणि जुन्या वस्तादांशी त्यांचं पटायला हवं.

कारण हात कमी होतायत. गाड्यांतून कार्बुरेटर १९९९-२००० च्या युरो नियमांनंतर जाऊ लागला, दुचाकींतून एप्रिल २०२० च्या बीएस-सहा नियमांनी गेला. आज विशीतला मेकॅनिक स्कॅनर जोडून कोड वाचतो. त्याला जेट कधी बघायलाच मिळाला नाही, यात त्याचा दोष नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले, आणि पहिल्या पद्मिनी आता त्या वयात शिरतायत. कागदाची सोय झाली, कारागिराची व्हायची आहे.

तेव्हा घरी अशी गाडी असेल तर या दिवाळीत एवढं करा. आधी सगळ्या पेट्रोल नळ्या आणि पंपांचे पडदे इथेनॉल सोसणारे घ्या. मग मिस्त्रीकडे गाडी गर्दीच्या वेळी नव्हे, सकाळी न्या आणि दुपारपर्यंत तिथेच ठेवा. टॅपेट, पॉइंट, गळती, पातळी, जेट, आणि सगळ्यांत शेवटी स्क्रू, हा क्रम त्याला मोडायला लावू नका. कोणता जेट काढला आणि कोणता घातला ते आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा, पुढच्या हाताला ते लागतील. आणि तो अर्ध्या दिवसाची मजुरी सांगेल तेव्हा ‘नुसता एक स्क्रू तर फिरवलास’ असं म्हणून घासाघीस करू नका.